काकांचा फॉरवर्ड आणि रोदँचा कागद

घरच्या ग्रुपवर बापूकाकांनी फ्रेंच शिल्पकार रोदँने काढलेली कंबोडियन नर्तकींची चित्रं टाकली. खाली ओळ: 'हे आपलंच भरतनाट्यम. गोऱ्याने चोरून नाव कमावलं.' बारा अंगठे, सात नमस्कार. मी उत्तर लिहिलं, खोडलं. माहेरचे काका, काय बोलणार? म्हणून इथे लिहिते.

जून १९०६ मध्ये कंबोडियाचा राजा सिसोवाथ दरबारी नर्तकींना घेऊन फ्रान्सला आला. पॅरिसमध्ये त्यांचा नाच पाहून पासष्टीचा रोदँ असा वेडावला की त्यांच्यामागे मार्सेयला गेला. तिथे फ्रान्सच्या वसाहतींचं प्रदर्शन भरलं होतं (हा मुद्दा काकांच्या बाजूचा, कबूल). चित्रांचा कागद जवळ नव्हता, तर दुकानातला पुडे बांधायचा कागद आणला म्हणे. थोड्याच दिवसांत दीडशेच्या आसपास चित्रं. पुड्याच्या कागदावर कुठला चोर एवढं जीव ओतून काम करतो?

मी ती पाहिली आहेत. फोनवर नव्हे, इथे पॅरिसमध्ये, वारेन स्टेशनजवळच्या रोदँ संग्रहालयात. थंडीतला पहिला रविवार, म्हणून फुकट. तेरा नंबरची मेट्रो नेहमीप्रमाणे रखडलेली. एका चित्रात चेहरा जवळजवळ नाहीच. पेन्सिलची एक रेघ खांद्यावरून निघते, रंग तिला न जुमानता बाहेर ओघळलाय, आणि बोटं पार मागे वळलेली. ती लहानपणापासून वाकवून वाकवून तशी घडवतात. भरतनाट्यममधला पायांचा खणखणीत ठेका इथे नाही, सगळं संथ. रामायण त्यांच्याकडेही नाचतात, नातं खरंच आहे. पण शेकडो वर्षं परक्या घरी नांदलेल्या लेकीला अजून माहेरच्याच आडनावाने हाक मारायची?

१९७५ ते १९७९ मध्ये कंबोडियात ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्टांच्या राजवटीत दरबारी परंपरेतले बहुतेक कलावंत संपले. उरलेल्यांनी आठवून आठवून तो नाच पुन्हा उभा केला. आणि आपलंच म्हणाल, तर गावच्या जत्रेत लावणी सुरू झाली की आम्हा मुलींना घरात पिटाळणारे बापूकाकाच होते.

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितेय खरं. पण ऑफिसातल्या मैत्रिणीला यातल्याच एका चित्राचं पोस्टकार्ड दिलं, तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं? 'हे मूळ आमच्याकडचं.' पंधरा वर्षांत या गावात 'आमचं' म्हणायला फारसं काही मिळालेलं नाही, मिळालं ते ओढून घेतलं. ती म्हणाली, 'मग दाखव ना!' सहावीत नाशिकला दोन महिने क्लासला गेले होते, त्या जोरावर कॉफी मशीनपाशी उभी राहिले. बोटं वाकली नाहीत. तिने टाळ्या वाजवल्या.

काकांच्या मेसेजवर आता तेरा अंगठे आहेत.