सुशी खायचीय? आधी गाव मोठं करून घ्या

उत्तम सुशी मोठ्या शहरातच मिळते, असं जाणकार सांगतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे आपलं शहर मोठं आहे हे स्वतःला पटवणं. सोलापूरकराला ते काही जड नाही. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत, देशातल्या २० शहरांत, आपलं नाव आलं होतं. नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं, तो भाग वेगळा. समुद्र रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे, तोही भाग वेगळाच.

ताज्या माशाची काळजी करू नका. कच्चा खायचा मासा बऱ्याचदा उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवून ठेवतात, म्हणजे त्यातले जंत मरतात. एवढं वाक्य पाठ करा आणि समुद्र लांब असल्याचं कुणी काढलं की तोंडावर फेका. आठवडा म्हणजे आपल्याकडं पाण्याच्या दोन पाळ्या. पिंपातलं इतकं शिळं पाणी पिऊन मोठे झालेलो आपण माशाला काय भिणार? फक्त 'उजनीची चिलापी आणून घरीच करू' म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपात असतो, त्याला आवरा. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाल्ला तर त्याच्यातले जंत तुमच्या पोटात बिऱ्हाड करतात.

आता हॉटेल. एकच पदार्थ आयुष्यभर करत बसलेल्या माणसाकडं जाऊ नका, त्याला जग कळलेलं नसतं. मेन्यूकार्ड जाड हवं. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, तंदूर असं करत मॉकटेल आणि आइस्क्रीमच्या मध्ये कुठंतरी 'सुशी' लिहिलेलं दिसलं की समजा, पोचलो. आम्ही होटगी रोडला अशाच एका ठिकाणी बसलो.

"सुशी आहे का?"

"हाय की मालक. अर्धा तास लागंल."

"मासा कुठला?"

"मासा नाही मालक, पनीरची हाय. शुद्ध शाकाहारी."

इथं नाक मुरडायचं नाही. हीच तर ज्ञान पाजळायची वेळ. सोबत्यांना सांगा की सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हेच, सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेला भात. पूर्वी तर खारवलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचे आणि भात फेकून द्यायचे. नॉर्वेवाल्यांनी १९८० च्या दशकात खटपट करून गळी उतरवेपर्यंत सालमनची सुशी जपान्यांनाही ठाऊक नव्हती, हेही सांगा. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, दोनशे वर्षांपूर्वी सुशी गाडीवर उभ्याउभ्या खात, हे मात्र गिळून टाका. आपल्या पार्क चौपाटीच्या खाऊगाड्यांवर शोभेल अशा वस्तूला सहाशे रुपये का द्यायचे, असा प्रश्न लगेच येतो.

प्लेट आली. सहा चकत्या, वर मेयोनीजची नक्षी, भाताभोवती गुंडाळलेलं समुद्री शेवाळाचं काळं पान कार्बन पेपरसारखं. शेजारी हिरवा गोळा. मित्र म्हणाला, ठेचा दिसतोय. शेंगाचटणीवर वाढलेला गडी, बोटभर उचलला आणि तोंडात टाकला. मिरची जिभेवर बसते हो, हा जपानी वासाबी नाकातून थेट टाळूला जातो. मोहरी फेसल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच जात. खरा वासाबी किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उतरतो, म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांवरच भागवतात. हे मी त्याला समजावून सांगत होतो, पण तो टेबलाची कड धरून छताकडं बघत होता. वेटरनं ताक आणून दिलं. जपानात ताक देत नाहीत, तरी एक गुण कापू नका.

निगिरी म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा; सोया सॉसमध्ये तिची माशाची बाजू टेकवायची, भाताची नाही, नाहीतर भात सुटतो. शुद्धीवर आल्यावर मित्रानं आमटीत भाकरी कुस्करावी तशी आख्खी चकती वाटीत कुस्करली. म्हटलं, चालू दे. हातानं खाल्लेलं जपानातही चालतं.

बिल देताना चेहरा टोकियोला जाऊन आल्यासारखा ठेवा. "आपल्याकडं भात जरा मऊ करतात," एवढंच म्हणा. भात खरोखर मऊच होता, बहुधा दुपारचा जिरा राईसचा.

शेवटची सूचना महत्त्वाची आहे. उरलेली सुशी पार्सल नेऊ नका. आम्ही दोन चकत्या नेल्या आणि ओट्यावर ठेवून झोपलो. सकाळी आईनं त्या डाळीच्या पिठात बुडवून, वर तीळ लावून खरपूस तळल्या होत्या.

"कुणी दिल्या रे या अळूवड्या? पान अगदी जून निघालं, घशाला खाजलं कसं नाही तुम्हाला?"