उजवा कौल

आमच्या देवगड तालुक्यात अडलेला निर्णय सोडवण्याची एक जुनी पद्धत आहे. देवळात जावे, गुरवाने गाऱ्हाणे घालून पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या लावाव्यात, आणि उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार समजून घरी परतावे. मुलीचे स्थळ, विहिरीची जागा, भावाशी चाललेला बांधाचा तंटा, असले सारे प्रश्न या मार्गाने सुटताना मी पाहिले आहेत. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी की नाही, हा प्रश्न मात्र देवापुढे मांडण्याची प्रथा अजून पडलेली नाही, आणि त्यामुळे तो मला गेल्या वर्षी गणपतीत घरी आलेल्या अकरा चाकरमान्यांपुढे मांडावा लागला.

माझा संगणक 2017 सालचा आहे. निवृत्तीनंतर घेतलेल्या या यंत्रावर आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आणि गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची ही माझी दोन कामे चालतात, आणि दुपारी जेवणे उरकल्यावर सौभाग्यवती त्यावर पत्ते खेळते. अशा निरुपद्रवी संगणकाच्या पडद्यावर ऐन पावसाळ्यात एक निळी सूचना अवतरली, की विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपत आहे. वीजबिलाच्या नोटिसा वाचण्यात हयात गेल्यामुळे मी त्याचा अर्थ त्या दिवशी कनेक्शन तोडणार असाच घेतला.

"अहो, म्हणजे पंधरा तारखेला तो चालूच होणार नाही का?" पत्नीने विचारले, आणि तिच्या आवाजात मला वाचनालयाबद्दलची काळजी अजिबात ऐकू आली नाही.

ठाण्याला संगणकाच्याच नोकरीत असलेला माझा पुतण्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोहोचला, तेव्हा खरा अर्थ कळला. संगणक बंद पडणार नव्हता. 2015 च्या जुलैमध्ये आलेल्या विंडोज 10 मध्ये आजवर जी सुरक्षेची भोके सापडत गेली, ती मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याला बुजवत आली होती, आणि ते बुजवणे तेवढे थांबणार होते. कौलारू घरात राहणाऱ्या माणसाला हे अधिक समजावून सांगावे लागत नाही. पावसाच्या तोंडावर कौले चाळायला येणारा गडी यंदापासून येणार नाही, असा तो निरोप होता. छप्पर त्या दिवशी कोसळत नाही, पण पुढे माकडाने एखादे कौल फोडले की ते फुटलेलेच राहते आणि पाणी नेमके ट्रंकेत उतरते.

यावर उपाय म्हणजे विंडोज 11, आणि तेही फुकट, असे पुतण्याने सांगितल्यावर मी तत्काळ होकार दिला. परंतु फुकटची वस्तूही पात्र माणसालाच मिळते. पात्रता तपासणाऱ्या प्रोग्रामने पहिल्याच फेरीत आमच्या यंत्राला नापास केले, कारण टीपीएम 2.0 नावाची, गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी सोय त्यात सापडेना. पुतण्याने संगणक पुन्हा सुरू करून, डिलीटचे बटण टकटक दाबत बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी जागी होणाऱ्या मूळ व्यवस्थेच्या, माजघरात प्रवेश केला आणि ती सोय तिथे सात-आठ वर्षे बंद अवस्थेत पडून असल्याचे दाखवून दिले. मग संगणक सुरू होतानाच अनोळखी प्रोग्रामला दारात अडवणारे सिक्युअर बूटही चालू झाले. मेमरी चारऐवजी आठ जीबी, डिस्कही चौसष्ट जीबीच्या कितीतरी पुढची, म्हणून मी प्रसादाचे मोदक पुढे केले, तेवढ्यात तांबडी खूण आली. प्रोसेसर सातव्या पिढीचा होता आणि विंडोज 11 ला, मोजके अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. अपवादांच्या यादीत आमच्या घरचे नाव नव्हते.

पिढ्या मोजण्यात कोकणी माणसाचा हात कोणी धरणार नाही. सातव्या पिढीपर्यंत सुतक पाळणाऱ्या घराण्यात माझा जन्म झाला आहे, आणि सात पिढ्यांचे नाते ओलांडले की माणूस परका होतो, हे मला आजोबांनी शिकवले होते. इथे उलटे होते. सातवी पिढी परकी आणि आठवी सोयरी! ही वंशावळ कोणत्या भटजीने मांडली, ते विचारण्याची सोय नव्हती.

तेव्हापासून आरत्यांच्या मधल्या वेळात घरात दुसरी चर्चा उरली नाही. बोरिवलीच्या मेहुण्याच्या मते नवा संगणक घेणे हाच राजमार्ग होता, आणि पैसे दुसऱ्याचे असले की सगळे मार्ग राजमार्ग असतात. डोंबिवलीच्या भाच्याने आवाज खाली आणून सांगितले, की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, एक छोटीशी नोंद घातली की हीच सातवी पिढी आठवी म्हणून खपते. नोंद बदलून वंश बदलण्याचा हा प्रकार ऐकताच मला तलाठी आणि फेरफार आठवले. आमच्या बांधाचा तंटा अशाच एका छोट्याशा नोंदीतून उगवलेला आहे. शिवाय असल्या यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढूनही ताबा मिळण्याची खात्री नाही. "नाही आवडले तर दहा दिवसांत परत मागे येता येते, मामा," असे त्याने धीराचे म्हणून सांगितले, आणि सुतकाची मुदतही दहाच दिवसांची असल्यामुळे माझा धीर पुरता खचला.

त्याच्या लॅपटॉपवर मी विंडोज 11 पाहून घेतले. स्टार्टचे बटण डावीकडचा कोपरा सोडून खाली मध्यभागी येऊन बसले होते. कळी डावीकडे पडते किंवा उजवीकडे पडते. मधल्या मध्ये अडकलेल्या कळीचा अर्थ आमच्या गुरवालाही लावता येत नाही.

पाचव्या दिवशी पुतण्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती. हेही फुकट, आणि ते डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, म्हणजे लग्नाआधी मुलगी चार दिवस घरी राहून गेल्यासारखे. ज्या लिनक्सवर ते उभे आहे, ते 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केले, हे ऐकून माझ्यातल्या मास्तराला भरून आले. पडदा उजळला, इन्स्क्रिप्ट कळफलकाची मराठी उमटली, आणि जो प्रिंटर माझ्याशी दोन वर्षे अबोला धरून होता, त्याने कोणी न विचारता एक कागद गिळून उलट बाजूने बाहेर टाकला. मी जवळजवळ होकार दिलाच होता. मग पुतण्याने वाचनालयाची सूची उघडली.

ती सूची युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या एका मराठी फॉन्टात टाइप केलेली आहे. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आला, ते चालण्यासाठी संगणकाच्या पाठीत बोटाएवढी एक किल्ली खुपसावी लागते, आणि त्या किल्लीला मिंटने ओळख दिली नाही. जिथे कादंबऱ्यांची नावे असायला हवी होती, तिथे अधिकची चिन्हे, टोप्या घातलेले रोमन स्वर आणि पौंडाची खूण यांची रांग लागली होती. साडेतीन हजार पुस्तके एका क्षणात परग्रहावरची झाली. या अक्षरांचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते, कारण जोडाक्षरे आणि रफार हटकून घसरतात. हे काम मी उन्हाळ्यात करणार होतो. कोणत्या उन्हाळ्यात, ते माझे मलाच ठरवायचे होते.

विसर्जनानंतर गुरव सहज टेकले असता मी त्यांनाही विचारले. त्यांनी पडद्याकडे लांबूनच पाहिले. "मास्तरांनू, चलता मां तो? मगे कित्याक हात लावतास?"

अकरा चाकरमान्यांच्या पाच दिवसांच्या मसलतीत इतके मुद्देसूद मत निघाले नव्हते. पुतण्याने त्यातूनच मधली वाट काढली. विंडोज 10 ला सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, म्हणजे 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, घेता येतात. त्यासाठी तीस डॉलर भरावे, किंवा कंपनीच्या खात्याने आत शिरून संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप चालू करावा, की एक पैसा लागत नाही. मी खाते उघडले, पासवर्ड पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिला, आणि नाव नोंदवण्याचे बटण दाबणार तोच वीज गेली. यूपीएसने दोनदा किंकाळी फोडून प्राण सोडला. इन्स्टॉल चालू असताना असे घडते तर काय झाले असते, या विचाराने मी अंधारात बराच वेळ बसून राहिलो. वीज परत आली, बटण दाबले गेले, आणि कौले चाळणारा गडी आणखी एका पावसाळ्याला यायला कबूल झाला.

यंदाची चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे मुदतीला बरोबर महिना राहील. परवाच पुतण्याचा फोन आला. "काका, आमच्या ऑफिसातले जुने लॅपटॉप निघालेत. आठव्या पिढीचा एक आणू का?"

पिढी जुळत होती, किंमत परवडणारी होती, आणि किल्लीसाठी खाचही होती. मी रिसीव्हरवर हात ठेवून सौभाग्यवतीला आतल्या खोलीत हाक मारली आणि तिचे मत विचारले, जे गेल्या वर्षी आमच्यापैकी कोणालाही विचारायचे सुचले नव्हते.

"आणू दे की," ती म्हणाली, "पण त्यात पत्ते आहेत का, ते आधी विचारा."