दोन मिनिटांचा मोर्चा

मी नागपूरचा. धंतोलीत लहानाचा मोठा झालो, म्हणजे यशवंत स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मोर्चा म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. १९५३ च्या नागपूर कराराच्या पुण्याईने दर हिवाळ्यात सरकार मुंबईहून आमच्या गावी येतं आणि त्याच्या मागोमाग अख्खा महाराष्ट्र आपापली गाऱ्हाणी घेऊन येतो. स्टेडियमपासून घोषणा देत निघायचं, टेकडी रोडवर पोलिसांनी कठडे लावलेले असतात तिथे बसकण मारायची, फडक्यातली भाकर सोडायची. संध्याकाळी शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं आणि "मंत्री सकारात्मक आहेत" एवढं घेऊन बाहेर येतं. माझे बाबा सरकारी नोकरीत होते. ते अशा तीन मोर्च्यांना गेले. तिन्ही वेळा मंत्री सकारात्मक होते.

म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये शेजारच्या आजीबाई "ऑस्टिनला चल, सरकारला जाब विचारायचाय" म्हणाल्या, तेव्हा मी सवयीने हो म्हणून बसलो.

आम्ही राहतो अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला, जिथे दर तिसऱ्या घरासमोर तुळस आणि दर दुसऱ्या घरासमोर झेंडा असतो. आजीबाईंच्या घरासमोर दोन झेंडे आहेत. वय ७१, आवाज कवायतीचा, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव कर्नलबाई. (त्यांना हे माहीत नाही. माहीत झालं तर आवडेल.) सरकार लहान असावं, कर त्याहून लहान असावेत आणि चर्च रविवारी भरलेलं असावं, ही त्यांची त्रिसूत्री. राज्याचं अधिवेशन सुरू झालं की त्या आणि त्यांच्या मैत्रिणी लाल टी-शर्ट घालून बस भरून राजधानीला, म्हणजे ऑस्टिनला, जातात. त्यांच्याकडे एक जाडजूड फाइल आहे. तिच्यात विधेयकांचे क्रमांक, रंगीत चिठ्ठ्या आणि आमदारांची प्रगतिपुस्तकं. कोणी कधी कुठे मत दिलं, सगळं. आमच्या शाळेत गुरुजींनीसुद्धा माझं एवढं बारकाईने ठेवलं नव्हतं.

मला नेण्यामागे कारण होतं घरपट्टी. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. २०१९ मध्ये मतदारांनी तशी तजवीज थेट राज्यघटनेतच करून टाकली. पण सरकारला पैसा तर लागतोच, मग तो घरातून वसूल होतो. एप्रिलच्या सुमारास मूल्यांकनाची नोटीस येते आणि तिच्यात आपल्याला कळतं की ज्या घराचं छत गळतंय ते गेल्या वर्षीपेक्षा महाग झालंय. त्यावर हरकत घेता येते. त्या हरकतीलाही इकडे 'प्रोटेस्ट'च म्हणतात, फक्त तो एक फॉर्म असतो. मी दरवर्षी तो भरतो आणि वर्षभर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवता ठेवता कर्नलबाईंपाशी रडतो. त्या वर्षी मूल्यांकनाच्या वार्षिक वाढीवर असलेली मर्यादा आणखी खाली आणणारं एक विधेयक समितीपुढे येणार होतं. त्यांनी माझं रडणं फाइलमध्ये नोंदवून ठेवलं असणार.

"आपण हे घर कशासाठी घेतलं?" आदल्या रात्री बायकोने दशम्या भाजता भाजता विचारलं.

"शाळेसाठी."

"आणि शाळा कशावर चालते?"

मी म्हटलं, लसणाची चटणी कोरडी दे, सांडत नाही.

पहाटे चार वाजता चर्चच्या पार्किंगमध्ये बस उभी होती. मला टी-शर्ट मिळाला तो थ्री एक्सेल. त्यावर छापलेल्या मजकुराचा मथितार्थ असा, की घर आपलं आणि भाडं सरकारला. निघण्याआधी सगळ्यांनी हात धरून प्रार्थना केली. मीही डोळे मिटून टेकडीच्या गणपतीला हात जोडले. त्याला अधिवेशनांचा अनुभव दांडगा आहे. वाटेत वेस्ट नावाच्या गावी बस थांबली. हे गाव पश्चिमेला नाही, नावच तसं आहे. तिथे चेक लोकांनी आणलेले कोलाचे मिळतात: गोड पावाच्या मधोमध खळगा आणि खळग्यात जर्दाळूचा मुरंबा. मी दोन खाल्ले. मोर्च्यातल्या तर्री पोह्यांची सर नाही, पण पहाटे पाऊण झोपेत माणूस तुलना करत नाही.

ऑस्टिनचं विधान भवन बघण्यासारखं आहे. तांबूस गुलाबी ग्रॅनाइट, १८८८ सालचं बांधकाम आणि घुमट वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षा उंच. हे शेवटचं मला बसमधल्या अकरा जणांनी वेगवेगळं सांगितलं. बांधायला रोकड नव्हती म्हणून राज्याने कंत्राटदारांना ३० लाख एकर जमीन दिली होती. कंत्राटदाराला जमीन आमच्याकडेही मिळते, फक्त इमारत राहून जाते.

दारात तपासणी होती. दोन रांगा. लांबलचक रांग धातुशोधक यंत्राची. दुसरी, जवळजवळ रिकामी, ज्यांच्याकडे बंदूक बाळगण्याचा परवाना आहे त्यांची. परवाना दाखवा, चालू लागा. कर्नलबाई पर्समधून कार्ड काढून माझ्या देखत वाऱ्यासारख्या आत गेल्या. मी मात्र स्टीलच्या डब्यासकट अडकलो. रक्षकाने झाकण उघडलं, चटणीचा वास घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चटणीचाही परवाना काढायला हवा होता. बंदूक सुटली, दशम्या अडकल्या.

या राज्याचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरतं, तेही १४० दिवस. तेवढ्यात आठ हजारांहून जास्त विधेयकं येतात. आमदारांचा पगार महिना ६०० डॉलर. हे मी मागे बाबांना फोनवर सांगितलं होतं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाप्पा! मंग ते खाते काय?"

समित्यांच्या बहुतेक खोल्या जमिनीखाली आहेत. १९९३ मध्ये मुख्य इमारतीच्या मागे जमीन खोदून ही पाताळनगरी केली. तिथे भिंतीशी यंत्रं ठेवलेली असतात. ज्याला समितीपुढे बोलायचंय त्याने त्यावर नाव, पत्ता, विधेयकाचा क्रमांक भरायचा. माझ्यामागे सतरा जण उभे. शेवटच्या पानावर तीन बटणं: 'फॉर', 'अगेन्स्ट' आणि 'ऑन'. मी दचकलो. आमच्या मिक्सरवर, गीझरवर, पाण्याच्या मोटरवर आयुष्यभर एकच नियम पाळलेला: काहीही चालू करायचं तर आधी 'ऑन'. दाबलं. हिरवी खूण आली. मी समाधानाने बाजूला झालो. ऑन म्हणजे 'ना बाजूने ना विरोधात, नुसतं विधेयकाबद्दल बोलणारा', ही माहिती मला पंधरा तासांनी मिळाली.

समिती आठला बसली. दहाला उठली, कारण वर सभागृह भरलं. परत कधी? सभागृह उठल्यावर. सभागृह कधी उठणार? ते उठेल तेव्हा. हे उत्तर दिलं त्या पोराचं वय फार तर बावीस असेल, पण चेहऱ्यावर मंत्रालयातल्या मुरलेल्या हेडक्लार्कचं तेज होतं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मधल्या वेळात कर्नलबाईंनी आम्हाला आमदारांच्या दालनांत फिरवलं. माझ्या दृष्टीने खरा मोर्चा हाच. घोषणा नाहीत, फलक नाहीत, फक्त लाल टी-शर्टातल्या सहा आज्या, दोन आजोबा आणि तंबूसारख्या टी-शर्टात मी. दार उघडंच. समोर टेबल, टेबलावर चॉकलेटांचं भांडं, भांड्यामागे साहेबांची मदतनीस. आमदार कुठेच नाही. मला वाटलं, झालं, आता कठड्याशी बसायचं. पण कर्नलबाईंना आमदार नकोच होता. "हनी, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?" त्यांनी मदतनिसाला विचारलं. मुलगी फुलली. ऑपरेशन झालं, आता वॉकर सुटला. मग पाच मिनिटं गुडघा, आणि निघताना अर्ध्या मिनिटात विधेयकाचा क्रमांक, मुद्दे तीन, कागद एक. मुलीने तो कागद ढिगात न ठेवता कीबोर्डखाली सरकवला. कर्नलबाईंनी ते पाहिलं. बाहेर येऊन त्यांनी फाइलमध्ये बारीक बरोबरची खूण केली.

पुढच्या दालनात मुलाचं लग्न ठरलं होतं, त्यापुढच्यात कुत्रा आजारी होता. बारा दालनं. जगाबद्दलची कर्नलबाईंची बरीचशी मतं मला पटत नाहीत आणि ती आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना नीट ठेवून बोलतो. पण टेकडी रोडवर माझ्या बाबांच्या संघटनेला मंत्र्याच्या पीएचं नाव माहीत असतं तर तीनऐवजी एकच मोर्चा लागला असता, असं मला सारखं वाटत राहिलं. चौथ्या दालनानंतर मी तोंड उघडणं बंद केलं, कारण तोंडात चॉकलेट होतं.

दुपारनंतर फक्त बसणं उरलं. जमिनीखालच्या बोळात आम्ही भिंतीला टेकून ओळीने बसलो. समोरच्या भिंतीला टेकून दुसरा गट होता, शिक्षकांचा. मर्यादा खाली आली तर शाळांचा पैसा कुठून येणार, म्हणून ते विरोधात बोलायला आले होते. पहिले दोन तास दोन्ही भिंतींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मग प्लगचा प्रश्न आला. अख्ख्या बोळात प्लग एकच, आमच्या बाजूला. चार्जर लांब वायरीचा, त्यांच्या बाजूला. तह झाला. सहाच्या सुमारास भूक लागली तेव्हा मी डबा उघडला आणि तो आपोआप दोन्ही भिंतींकडे फिरला. समोरच्या एका बाई विणत होत्या. त्यांनी दशमीचा तुकडा चटणीला लावून खाल्ला, पाणी प्यायल्या, पुन्हा तसाच खाल्ला. कुठे राहता म्हणून विचारलं तर आमच्याच गावच्या निघाल्या. माझी मुलगी ज्या शाळेत जाते तिथल्या ग्रंथपाल. मुलीचं नाव सांगताच म्हणाल्या, "अरे, ती? ड्रॅगनची सगळी पुस्तकं तिनेच नेलीत." मी टी-शर्टाच्या मजकुरावर हळूच स्वेटर ओढलं.

समिती पुन्हा बसली तेव्हा बाहेर अंधार पडला असावा. पाताळात कळत नाही. एकेकाला दोन मिनिटं. माझी पाळी पावणेबारानंतर आली. ती मला नावावरून नाही, शांततेवरून कळली. माझ्या आडनावात 'ळ' आहे. अध्यक्ष एकेक नाव वाचत येतात आणि मध्येच यादीत खड्डा लागल्यासारखे थांबतात. मी उठलो.

भाषण मी घोटून पाठ केलं होतं आणि ते आमच्या शालेय वक्तृत्व स्पर्धेच्या वळणाने गेलं. सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष, समितीचे सर्व सन्माननीय सदस्य आणि इथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो. घड्याळात अर्ध मिनिट संपलं. मग मी ऐतिहासिक पार्श्वभूमीला हात घातला. १८८८ पाशी पोचलो असताना अध्यक्षांनी चष्मा नाकावर घेतला.

"महाशय, तुम्ही नोंद 'ऑन' अशी केली आहे. म्हणजे तुम्ही या विषयातले तज्ज्ञ आहात का?"

"नाही."

"मग विधेयकाच्या बाजूने आहात?"

मागे लाल टी-शर्टांची रांग. त्यामागे विणकामाच्या सुया थांबल्या. घड्याळ मात्र चालू होतं, ३१, ३०, २९.

"मला कर कमी हवा," मी म्हणालो, "आणि शाळा आहे तशीच हवी."

खोलीत कुणीतरी हसलं. एक सदस्य पुढे झुकून म्हणाले की दिवसभरात आलेल्यांपैकी बहुतेकांना हेच हवंय, पण स्पष्ट बोलणारे तुम्ही पहिले. अध्यक्षांनी आभार मानले. शेवटच्या साक्षीदारानंतर त्यांनी हातोडी आपटून जाहीर केलं की विधेयक प्रलंबित ठेवण्यात येत आहे. अर्ध्या मिनिटात खोली रिकामी झाली.

(त्याच अधिवेशनात दुसऱ्या विधेयकाने शाळेच्या करातली राहत्या घराची सूट १ लाखावरून १ लाख ४० हजार डॉलर झाली आणि नोव्हेंबरात मतदारांनी तिच्यावर शिक्का मारला. मी मतदार नाही, मी फक्त करदाता. माझ्या दोन मिनिटांचा त्यात काही हात नाही, हे मी लोकांना सांगतो, पण जरा हळू आवाजात.)

परतीच्या बसमध्ये कर्नलबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. रात्रीचे दोन वाजले होते, म्हणजे नागपुरात दुपारचे साडेबारा. बाबांचा फोन आला.

"झाला का मोर्चा?"

"झाला."

"आतमधी जाऊ देल्लं?"

"दिलं. दोन मिनिटं बोलायलाही दिलं."

"आमाले तं मंत्री दिसलाबी नव्हता." मग जरा थांबून, "बरं, शेवटी काय म्हनले?"

"काही नाही. प्रलंबित ठेवलं."

"म्हंजे सकारात्मक हायेत," बाबा म्हणाले आणि समाधानाने फोन ठेवून दिला.

पुढच्या सीटवरून कर्नलबाईंनी मान वळवली. "वडील? काय म्हणाले?"

"मोर्चा चांगला झाला म्हणाले."

त्यांनी पिशवीत हात घालून उरलेला कोलाचे काढला, रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिला. मग फाइल मांडीवर घेतली, छताचा बारका दिवा लावला आणि माझं नाव असलेलं पान शोधून काहीतरी खोडलं.

"पुढचं अधिवेशन १२ जानेवारी २०२७," त्या म्हणाल्या. "टी-शर्ट गरम पाण्यात धू, थोडा आटेल."