गरुड चोच तोडत नाही, दादा

गेल्या रविवारी सकाळीच दादाचा फोन. रविवारची सकाळ म्हणजे त्याची तर्री-पोह्यांची वेळ, त्या वेळात तो कोणाला फोन करत नाही. म्हणून मी लगेच उचलला.

"तू तर कॉलेजात हेच शिकवून राहिली ना, लीडरशिप वगैरे? मग सांग बाप्पा, बावन्नाव्या वर्षी मी चोच कुठं आपटू?"

मला आधी दाताचं काही दुखणं वाटलं. मग त्याने तो मेसेज पाठवला. 'जंगलाची पाठशाळा : एमबीएत जे शिकवत नाहीत ते'. तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तो याआधी तीन ग्रुपांतून आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता खाली सरकवला होता. पण दादाच्या कंपनीत तो ट्रेनिंगला पडद्यावर लावला, मग शिफ्टच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ओळ जोडली : 'चाळिशीपुढच्या सहकाऱ्यांनी विशेष मनन करावे'. कंपनी बुटीबोरीतली, म्हणजे नागपूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतली आहे. नाव लिहीत नाही, दादाला अजून सहा वर्षं तिथेच काढायची आहेत.

मेसेजचं सार असं. गरुड चाळिशीत स्वतःची चोच फोडून नवा जन्म घेतो, तसं माणसाने करावं. लांडग्यांचा खरा नेता सगळ्यांत मागे चालतो. पाच माकडं आणि एक बेडूक आपल्याला बदलाबद्दल शिकवतात. मुंबईचे डबेवाले न शिकता 'सिक्स सिग्मा', म्हणजे जवळपास बिनचूक कामाच्या दर्जाचे, झाले. आणि शेवटी निष्कर्ष : नेता जन्मावा लागतो, मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र यांचा कंपनीशी काय संबंध, ज्याने त्याने आपापलं काम करावं.

गरुडापासूनच सुरू करते, कारण दादाची झोप त्याने उडवली आहे.

गोष्ट म्हणते, गरुड सत्तर वर्षं जगतो. चाळिशीत चोच वाकते, नख्या बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जातो, खडकावर चोच आपटून फोडतो, नवी आली की तिने नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसं उपटतो. दीडशे दिवस हे चालतं. पुढे तीस वर्षं बोनस.

आता जरा डोकं लावा. मोकळ्या रानातला गरुड साधारण वीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे ज्या वयात त्याने डोंगरावर जायचं, तोवर तो बहुधा मेलेला असतो. पिंजऱ्यात, रोज आयतं मांस मिळालं तर तो जास्त जगतो खरा. पण तिथेही कोणी त्याला चोच फोडताना बघितलेलं नाही. चोच म्हणजे आत हाड आणि वर आपल्या नखासारखं आवरण. हे आवरण आयुष्यभर झिजतं आणि वाढतं, त्यासाठी कुठल्या डोंगराची गरज नाही. मात्र हाडापर्यंत चोच तुटली तर ती पुन्हा येत नाही. पिसंही तो थोडी थोडी गाळतच असतो, त्यांच्या जागी नवी येत असतात. आणि चोच नाही, नख्या नाहीत, पिसं नाहीत असा शिकारी पक्षी दीडशे दिवस खाणार काय? एचआरचं मोटिव्हेशन?

ही नुसती बाष्कळ गोष्ट असती तर मी सोडून दिली असती. आपल्याकडे पंचतंत्रापासून प्राणी बोलत आले आहेत, कोणी तक्रार केली नाही. पण पंचतंत्रातला कोल्हा 'मी शास्त्र आहे' असं म्हणत नाही. हा गरुड म्हणतो. आणि बावन्न वर्षांच्या माणसाला सांगतो की चूक तुझ्या चोचीत आहे. दुखेल तितकं स्वतःला फोड, नाही फोडलंस तर मरणाला तूच जबाबदार. उद्या कोणाला घरी पाठवायचं झालं तर आधीच सांगून ठेवलेलं बरं, असा हा प्रकार.

लांडग्यांचं त्याहून गमतीदार आहे. मेसेजमध्ये एक फोटो आहे : बर्फातून एका रांगेत चाललेले पंचवीस लांडगे. मेसेज सांगतो : पुढे म्हातारे आणि आजारी, म्हणजे चाल त्यांच्या वेगाने राहते, मग बलवान, आणि सगळ्यांत शेवटी एकटा 'अल्फा', सगळ्यांवर लक्ष ठेवून. डोळ्यांत पाणी यावं असं. फोटो खरा आहे. बीबीसीची ध्रुवप्रदेशांवरची मालिका २०११ साली आली, तिच्या चित्रीकरणातला. जागा कॅनडातलं वुड बफेलो राष्ट्रीय उद्यान. लांडगे रानगव्यांच्या, म्हणजे तिथल्या बायसनच्या, मागावर आहेत. पुढे चालणारी मादी बर्फ फोडून वाट करते आणि बाकीचे त्या वाटेने कमी श्रमात येतात. म्हातारे-आजारी पुढे वगैरे कोणीतरी नंतर चिकटवलेलं.

आणि 'अल्फा' या शब्दाचीच कहाणी ऐका. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं : वर्चस्वासाठी मारामाऱ्या, जिंकेल तो म्होरक्या. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात टाकल्यावर दुसरं काय होणार? नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयातला पिंजरा बघून ताडोब्याच्या वाघाचा स्वभाव सांगावा, तसं ते होतं. पुढे डेव्हिड मीच या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाच्या १९७०च्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर गेली. मग हाच माणूस कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर गेला आणि १९८६ ते १९९८ असे तेरा उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या मागे फिरला. १९९९ साली त्याने शोधनिबंधात लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. आईबाप वाट दाखवतात, कारण ते आईबाप आहेत. कोणाला हरवून ते त्या जागी आलेले नाहीत. ज्या कल्पनेने आपलं नाव झालं तीच खोडायला तो पुढची अनेक वर्षं झटला. मेसेज मात्र अजून १९४७च्या पिंजऱ्यातच आहे.

याच कारणाने शेवटच्या मुद्द्यावर माझं डोकं फिरतं. दुसऱ्या शास्त्रांचा संबंध काय, असं विचारणाऱ्या मेसेजचे पहिले चारही मुद्दे प्राणिशास्त्राकडून उसने आणलेले आहेत! उसनं आणायला हरकत नाही, पण ज्याच्याकडून आणलं त्याने ते परत घेतलं आहे का, एवढं तरी बघा.

माकडं आणि बेडूक पटकन उरकते. केळ्यांसाठी शिडी चढलं की गार पाण्याचा फवारा, म्हणून पुढे नवी माकडंही कारण न कळता चढणाऱ्याला मारतात, असा प्रयोग कधी झालाच नाही. गोष्ट मॅनेजमेंटच्या पुस्तकांतून पसरली. बेडूक हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बसून राहत नाही, उडी मारायला बघतो. १८६९ साली गोल्ट्झ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगात एक बेडूक बसून राहिला होता, पण त्याचा मेंदू काढलेला होता. (मेसेज पुढे ढकलणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.)

डबेवाल्यांपाशी मात्र थोडं नमतं घ्यावं लागेल. त्यांचं काम अचाट आहे, त्यात वाद नाही. 'सिक्स सिग्मा'चं प्रमाणपत्र त्यांना फोर्ब्स या अमेरिकी नियतकालिकाने दिलं ही अफवा. १९९८च्या त्या लेखात तो शब्दच नव्हता, असं लेख लिहिणाऱ्या पत्रकारानेच नंतर सांगितलं. पण ठीक आहे, चुका फार कमी होतात एवढं खरं. मग ते 'न शिकता, नैसर्गिक नेतृत्वाने' होतं का? मावळ-खेड-जुन्नर पट्ट्यातली माणसं, एकमेकांच्या नात्यातली, गावातली, बहुतेक वारकरी, प्रत्येक टोळीचा मुकादम, डब्यावरचे रंग आणि खुणा, आणि या सगळ्यावर लोकल गाडीचं वेळापत्रक. हार्वर्डने २०१०मध्ये त्यांच्यावर केस स्टडी लिहिली. नुसता कामाचा वेग मोजून हे कळत नाही; नातं, श्रद्धा, स्थलांतर आणि रेल्वे, सगळंच बघावं लागतं. मेसेजने स्वतःच्या विरोधातला पुरावा स्वतःच दिला आहे.

आता मानवशास्त्राचा कंपनीशी संबंध. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली तारा जोडणारे चौदा कामगार एका खोलीत बसवून महिनोन् महिने फक्त बघितलं गेलं. ते कसं बघायचं, हे सांगायला लॉइड वॉर्नर हा मानवशास्त्रज्ञ होता, जो नुकताच ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये राहून आला होता. कळलं काय, तर दिवसाचं काम किती करायचं हे कामगारांनी आपसांत ठरवलेलं होतं, आणि कोणी जास्त केलं तर शेजारी त्याच्या दंडावर एक गुद्दा हाणायचा. जादा पैशाचं आमिष त्या गुद्द्यापुढे चालत नव्हतं.

आणि 'आपापलं क्षेत्र' म्हणणाऱ्या नागपूरकरांनी तरी जरा आठवावं. १८७७ साली इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा जमशेटजी टाटांनी मॅनेजर केलं ते बेझनजी मेहतांना. ते रेल्वेतले, कापडाचा अनुभव शून्य. आज तिथे मॉलमध्ये फिरताना कोणाला हे सुचत नाही.

पण दादाला मी यातलं काही सांगितलं नाही. त्याला मी कोळशाची गोष्ट सांगितली, कारण वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या, गावात ती कळायला वेळ लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या खाणींत नवी यंत्रं आली, तरी कोळसा म्हणावा तसा वाढेना, गैरहजेरी मात्र वाढली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतला एरिक ट्रिस्ट हा मानसशास्त्रज्ञ आणि केन बॅमफोर्थ, जो स्वतः आधी खाणकामगार होता, अशा दोघांनी १९५१ साली त्यावर लिहिलं. आधी दोघा-चौघांची जुळलेली टोळी कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंत सगळं करायची. यंत्रामुळे चाळीस-पन्नास माणसं तीन पाळ्यांत वाटली गेली. एक पाळी कापणार, एक पुढची तयारी करणार, एक भरणार. आधीच्या पाळीने घाण करून ठेवली की पुढची पाळी भोगणार आणि शिव्या घालणार. माणसं बिघडली नव्हती, रचना बिघडली होती. पुढे याच संस्थेचा ए. के. राईस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आला. स्वयंचलित मागांवर तिथेही तेच. कामगारांनी स्वतःच छोट्या टोळ्या पाडून ठरावीक माग टोळीकडे घेतले, आणि उत्पादन सुधारलं.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "थांब. आमच्याकडं दिवाळीनंतर नवी लाइन बसली ना..."

पुढची चाळीस मिनिटं मी फक्त ऐकत होते. आधी ते चौघं एकाच पाळीत होते, यंत्राचा आवाज बदलला की एकमेकांकडे न बघता कोण काय करणार हे ठरलेलं. आता चौघं तीन पाळ्यांत विखुरलेत. रात्रपाळीला बेअरिंग तापतं, तो पोरगा बोलत नाही कारण त्याच्या नावावर लागेल, आणि सकाळी सातला दादा आला की लाइन बंद. रजिस्टरमध्ये ते दादाच्या नावावर चढतं. तीन महिन्यांत अकरा वेळा. ट्रेनिंगमध्ये गरुड दाखवला तो या अकरा नोंदींवरचा उपाय म्हणून.

"त्या तारखा आहेत तुझ्याकडं?" मी विचारलं.

"डायरीत आहेत," तो म्हणाला. "थांब, चष्मा आणतो."