ई-लर्निंग फक्त खासगी नर्सिंग कॉलेजातच? खुलासा

पुण्यात नर्सिंग प्रवेशाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सरकारी कॉलेजांकडे निधी नाही, तिथे ई-लर्निंग होतच नाही. मुलीला खासगीतच घाला.’ पालक कर्ज काढायला निघालेत, म्हणून शिक्षिका या नात्याने लिहिते.

हा दावा चुकीचा आहे. अभ्यासाचं साहित्य कॉलेजच्या तिजोरीवर अवलंबून नाही. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल २०१७ पासून सुरू आहे. शिकणं मोफत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या कामावरच्या डॉक्टर-नर्सेससाठी ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावर प्रशिक्षण आलं, तेही मोफतच.

निधी लागतो तो दुसरीकडे. माझी एक विद्यार्थिनी वसतिगृहाच्या जिन्यात बसून, कारण रेंज तिथेच येते, तडा गेलेल्या मोबाइलवर ईसीजीचा पाठ बघत होती. रोजचा दीड जीबी संपला आणि पाठ अर्ध्यावर राहिला. तिला वायफाय हवं होतं. उलट एका पैसेवाल्या खासगी कॉलेजात नवे कोरे संगणक मी पाहिलेत, प्लास्टिकही न काढलेले. खोलीला कुलूप आणि किल्ली चारनंतर मिळत नाही. वॉर्डातली ड्यूटी संपवून मुली येतात तेव्हा पाच वाजलेले असतात!

प्रवेश घेताना एवढं विचारा: संगणकांची खोली किती वाजेपर्यंत उघडी असते, वसतिगृहात नेट आहे का, ऑनलाइन पाठासाठी वेळापत्रकात तास आहे का. आणि प्रत्यक्ष काम शिकायला रुग्णालय कोणतं, हे त्याआधी विचारा. शीर शोधायला रुग्णाच्या खाटेपाशीच शिकावं लागतं.