‘बकऱ्या विका, सोयाबीन सोडा’ : एआयच्या नावावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं : एआयने प्रथिनांचं कोडं सोडवलं, पाच वर्षांत मटण आणि दूध कारखान्यात बनेल, म्हणून बकऱ्या-म्हशी आताच विकून मोकळे व्हा आणि सोयाबीनचाही नाद सोडा. असल्या मेसेजच्या भरवशावर कुणी दावणीची जनावरं विकली, तर ती परत घेणं सोपं नाही. म्हणून हे उत्तर.

‘एआयने कोडं सोडवलं.’ यात तथ्य आहे. अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची घडी कशी पडेल हे अल्फाफोल्ड ही एआय प्रणाली सांगते, आणि 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. नवी विकरं (एन्झाइम) रचायची, मांसासाठी टाकीत वाढवायच्या पेशींचा खुराक ठरवायचा, तर एआयमुळे बराच वेळ वाचेल. पण घडी कळली म्हणजे टनावारी माल निघाला असं होत नाही.

‘पाच वर्षांत स्वस्त मटण.’ इथे मेसेज सपशेल आपटतो. पेशींपासून वाढवलेला पहिला बर्गर डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी 2013 मध्ये लंडनला दाखवला, त्याला सुमारे अडीच लाख युरो लागले होते. सिंगापूरने 2020 मध्ये असं चिकन विकायला परवानगी दिली, अमेरिकेने 2023 मध्ये. खर्च पुष्कळ उतरला, तरी रोजच्या बाजारात हे मांस दिसत नाही. अडचण आहे ती पेशी वाढवायच्या टाकीत. प्राण्याची पेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेते, काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एक जिवाणू आत शिरला की सगळा घाणा फेकायचा. बकरीच्या अंगात प्रतिकारशक्ती असते, टाकीत ती नसते. म्हणून औषध कारखान्यासारखी स्वच्छता, स्टील, वीज, शुद्ध अमिनो आम्लं, सगळं आलं. हा खर्च एआय थोडा कमी करेल, पुसून टाकणार नाही. शिवाय रक्तवाहिन्यांशिवाय प्राणवायू मिलिमीटरभरही आत पोचत नाही. त्यामुळे खिमा जमतो, जाड तुकडा अवघड. सावजीत नळी मागणाऱ्याला ते काय देणार?

‘दूधधंदा बुडाला.’ चीजसाठी दूध घट्ट करणारं कायमोसिन हे विकर सूक्ष्मजीवांकडून बनवून घ्यायला अमेरिकेने 1990 मध्येच मान्यता दिली. त्याने वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटची जागा बऱ्याच अंशी घेतली. दूध मात्र गाई-म्हशींचंच राहिलं.

आता सोयाबीन. याच मुद्द्याने मला सर्वांत जास्त चीड आली. सोयाबीनमध्ये जवळपास 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्क्यांच्या आसपास तेल. आपण तेल काढतो आणि उरलेली ढेप मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला जाते. जगभर वनस्पतींपासून जे ‘मांस’ बनतं, त्यातलं पुष्कळ याच प्रथिनावर उभं आहे. म्हणजे पर्यायी प्रथिनांचा कच्चा माल पिकवणाऱ्यालाच ‘ते पीक सोड’ असा सल्ला! 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल असताना बाजारात भाव पडला, तो आयात तेलामुळे आणि मक्याचं इथेनॉल काढून उरणाऱ्या स्वस्त चोथ्यामुळे, कारण तो खाद्यात ढेपेची जागा घेतो. प्रयोगशाळेतल्या मांसाचा यात काडीचा संबंध नाही.

एआयचा खरा उपयोग इथेच होऊ शकतो. सोयाबीनचा उग्र वास बऱ्याच अंशी लायपॉक्सिजिनेज या विकरामुळे येतो. ते कमी असलेलं वाण लवकर निवडता आलं, तर माणसाच्या ताटात जाणारं प्रथिन वाढेल. केंद्र सरकारच्या ऑगस्ट 2024 च्या बायोई-3 या जैवतंत्रज्ञान धोरणात पर्यायी प्रथिनांना जागा आहे. पण आज नागपूरच्या कळमना बाजारात सोयाबीनची ढेरी ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणा पाहून घेतली जाते. दाण्यात प्रथिन किती, हे प्रकाशकिरणांवर चालणारं यंत्र मिनिटा-दोन मिनिटांत सांगतं. असं यंत्र आधी बाजार समितीच्या दारात बसवा आणि जास्त प्रथिनाला जास्त भाव द्या, ही मागणी ग्रुपवर फिरवा.