मोठा आ करा, काका

बोस्टनमध्ये राहून दाताचा डॉक्टर यांकीजवाला, म्हणजे आमच्या रेड सॉक्सच्या हाडवैरी न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाचा, निघावा हे नशीब. तो मराठी निघावा हे त्याहून वाईट. इंग्रजीत झालेला अपमान पार्किंग लॉटपर्यंत टिकतो; मराठीतला घरी येतो, जेवायला बसतो आणि रात्री कुशीवर वळला की पुन्हा बोलायला लागतो.

दाढ ठणकत होती, रूट कॅनल ठरलं, इंजेक्शन झालं, जिभेचं लाकूड झालं. इथपर्यंत माझी तक्रार नाही. डॉक्टर न्यू जर्सीत वाढलेला, चाळिशीचा, आईकडून शिकलेलं मराठी हौसेने बोलणारा. मला काका म्हणतो. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल, पण असो. मी रेड सॉक्सची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्याने टोपीकडे पाहिलं. माझ्या तोंडावर रबराचा हिरवा पडदा ताणला, दाढेला चिमटा बसवला, ओठात थुंकी ओढणारी नळी अडकवली. मी आता एक अक्षर बोलू शकत नाही याची खात्री झाल्यावर म्हणाला, "काका, डेव्हर्सला विकलं ते बरंच केलं तुमच्या लोकांनी."

राफाएल डेव्हर्स! या संघात लहानाचा मोठा झालेला पोरगा, दहा वर्षांचा आणि 31 कोटी डॉलरच्या वरचा करार केलेला. 2025 च्या सीझनआधी अ‍ॅलेक्स ब्रेगमनला आणलं आणि याला सांगितलं, तू थर्ड बेसची फील्डिंग सोड, नुसती बॅटिंग कर. कुरकुरला, पण ऐकलं. मे महिन्यात फर्स्ट बेसवाला ट्रिस्टन कॅसस गुडघा धरून बसला, तेव्हा म्हणे आता फर्स्ट बेस शिक. तेव्हा मात्र हा नाही म्हणाला. 15 जूनला रेड सॉक्सने यांकीजला ओळीने तिसऱ्यांदा हरवलं, डेव्हर्सने त्यात होमरन (बेसबॉलचा षटकार) मारला, आणि त्याच संध्याकाळी त्याची सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात रवानगी झाली. तिकडे जाऊन तो फर्स्ट बेस खेळायला लागला ते वेगळंच.

"दात किडला की काढून टाकायचा," डॉक्टर म्हणाला. "शेजारचे दात वाचतात."

हे वाक्य तो माझा किडलेला दात वाचवताना बोलत होता. हातात केसाएवढी बारीक फाइल, ती दाढेच्या मुळात आतबाहेर चाललेली, बाजूला यंत्राची टिकटिक. काढून टाकणं एवढं शहाणपणाचं असेल तर बाबा रे, या दाढेला हजारावर डॉलर कशाचे लावतोयस? पण हा प्रश्न माझ्या घशातून "आँ" एवढाच निघाला.

"दुखतंय?" त्याने विचारलं आणि आणखी इंजेक्शन भरलं.

ट्रेड ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगता सांगता मी वीस वर्षं दमलो. दादरला भाऊ विचारायचा, म्हणजे खेळाडूला न विचारता विकतात? हो रे, संध्याकाळी फोन येतो, बॅग भर म्हणून. त्याला ते गुरांच्या बाजारासारखं वाटायचं. 2023 च्या नोव्हेंबरात हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईला आला, डिसेंबरात रोहितची कॅप्टनशिप त्याला दिली, पुढे वानखेडेवर घरच्याच कॅप्टनची हुर्यो उडाली. तेव्हा भावाचा रात्री फोन आला, आवाज बसलेला. म्हणाला, आता कळलं तुझं काय होत असेल. मला बरं वाटलं, हे खरं आहे. दुःखात भागीदार हवा असतो, तो आयपीएलवाला का असेना.

डॉक्टरचा हात चालूच होता आणि तोंडही. "आणि बेट्सच्या वेळी पण तुम्ही लोक उगाच रडले. पैसे वाचले ना तुमचे?"

माझे? माझे कुठले वाचले? आमच्या मैदानाचं, फेनवे पार्कचं, तिकीट स्वस्त झालं का? बिअरचा भाव उतरला का? संघमालकाने वाचवलेला पैसा आपलाच वाचला असं समजणारी एक जात आहे, आणि तिच्यात दाताचे डॉक्टर फार. मुकी बेट्स 2018 चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच वर्षी इथे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, जिंकून दिलेला. 2020 च्या फेब्रुवारीत त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना दिला. सोबत महागडा पिचर (आपल्या भाषेत बॉलर) डेव्हिड प्राइस घातला, पगाराचा बोजा हलका व्हावा म्हणून. डॉजर्सनी जुलैमध्ये त्याच्याशी आणखी बारा वर्षांचा, 36.5 कोटींचा करार केला आणि 2020, 2024, 2025 अशा तीन वर्ल्ड सिरीज घेतल्या. आमच्या पदरात अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, कॉनर वाँग आणि जीटर डाउन्स. या शेवटच्या पोराचं नाव यांकीजच्या दिग्गज डेरेक जीटरवरून ठेवलेलं. बेट्स देऊन जीटर घेतला, बोस्टनने. 1919 च्या डिसेंबरात लाख डॉलरला बेब रूथसारखा महान खेळाडू यांकीजना विकून 2004 पर्यंत हात चोळत बसलेल्या गावाला निदान नाव वाचून तरी शंका यायला हवी होती.

आणि माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. व्हर्डुगोला 2023 च्या डिसेंबरात आम्ही यांकीजच्याच गळ्यात बांधला. 2024 च्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना, यांकी स्टेडियम, यांकीज 5-0 ने पुढे. यांकीजच्या आरन जजच्या हातून सोपा झेल सुटला. मग बेट्सचा साधा चेंडू फर्स्ट बेसकडे गेला आणि त्यांचा पिचर गेरिट कोल बेसवर चेंडू घ्यायला धावलाच नाही, उभ्या उभ्या बोट दाखवत राहिला. पाचच्या पाच धावा फिटल्या. आठव्या इनिंगमध्ये, सामना संपत आला असताना, जिंकवणारी धाव कुणाच्या फटक्यावर आली? बेट्सच्या. आणि शेवटचा बॅटर म्हणून हवेत बॅट फिरवून कोण आउट झाला? व्हर्डुगो! एका ट्रेडची दोन टोकं एकाच रात्री याच्या अंगणात येऊन पडली होती. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याला ऐकू आलं ते "अ-गू-गो".

"जास्त थुंकी होतेय," तो मदतनीस बाईंना म्हणाला. नळीचा आवाज वाढला.

या बाई साठीच्या, जन्माच्या बोस्टनच्या. मराठी अर्थातच शून्य. पण मधूनमधून येणारी नावं त्यांना कळत होती, आणि प्रत्येक नावाला माझ्या ओठातल्या नळीला हिसका बसत होता. डेव्हर्सला एक, बेट्सला मोठा. मग डॉक्टरने आमच्या जुन्या पिचरचा, पेड्रो मार्टिनेझचा, विषय काढला.

"2003 ला तुमच्या मॅनेजरने, ग्रेडी लिटलने, पेड्रोला ठेवला, तर तुम्ही रडले. 2020 च्या वर्ल्ड सिरीजला डॉजर्सविरुद्ध टँपाच्या मॅनेजरने, केव्हिन कॅशने, पिचर स्नेलला काढला, तरी तुम्ही रडले. स्नेल तर तुमचा पण नव्हता! काका, ठेवायचा की काढायचा, एक काहीतरी ठरवा."

मी बोस्टनला आलो तेच 2003 च्या उन्हाळ्यात, त्यामुळे ही जखम माझ्या पहिल्याच थंडीतली. यांकीजविरुद्ध निर्णायक सातवा सामना. पेड्रो सातवी इनिंग संपवून आकाशाकडे बोट दाखवत आला, डगआउटमध्ये गळाभेटी झाल्या. माझ्यासारख्या नवख्यालाही कळलं की आजचं याचं काम झालं. आठवीत लिटलने त्याला परत पाठवला. मार पडायला लागल्यावर लिटल स्वतः माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, गेला, विचारपूस केली, आणि पेड्रोला तिथेच ठेवून एकटा परत आला. तेव्हा 115 चेंडू झाले होते. पुढच्या दोन बॅटरांनी बरोबरी केली. स्नेलचे मात्र 73 झाले होते. 73! नऊ जण स्ट्राइकआउट, अंगात घाम नाही, आणि पुढे येणारा बेट्स त्याच्यासमोर दोनदा आउट झालेला. का काढला? तिसऱ्यांदा समोर आले की बॅटर पिचरला ओळखतात असं आकडे सांगतात म्हणून. काढल्यावर बेट्सने पहिलं काम काय केलं, तर डबल मारला, एका फटक्यात दोन बेस. थकलेल्याला ठेवला आणि ताज्याला काढला, यात विसंगती मॅनेजरांची आहे, माझी नव्हे. माणसाकडे बघ, एवढंच माझं म्हणणं. बेसबॉलमध्ये काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. लांबच्या फील्डिंगला पाठवून दोन ओव्हरने पुन्हा बोलावण्याची आपली सोय इथे नाही, म्हणून तर निदान एकदा डोळे भरून बघावं.

"आकडे बघायचे, काका. भावना नाही," डॉक्टर म्हणाला. आणि मग कसं कोण जाणे, स्वतःच बोलत बोलत 2025 च्या वाइल्ड कार्डवर, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या फेरीतल्या रेड सॉक्स-यांकीज सामन्यांवर, घसरला. "पण आमच्या मॅनेजरने, बूनने, फ्रीडला काढायला नको होतं."

बघा! त्यांचा पिचर मॅक्स फ्रीड, त्याचे 102 चेंडू झालेले, यांकीज 1-0 ने पुढे. कुठलाही आकडा काढाच म्हणाला असता. काढला, ल्यूक वीव्हर आला, आमच्या योशिदाच्या फटक्यावर दोन धावा आल्या आणि आम्ही जिंकलो. आमचा पिचर क्रोशे, त्याला मात्र आमच्या मॅनेजरने, कोराने, 117 चेंडूंपर्यंत ठेवला होता. "एवढा छान टाकत होता," डॉक्टर कळवळून म्हणाला, "बघून कळत होतं." बघून! फाइल दाढेतच थांबली होती. मी रबरामागून आँ आँ करून हे वाक्य लिहून घ्या असं सांगत होतो.

तेवढ्यात बून हे नाव बाईंच्या कानी पोचलं होतं. 2003 ला अकराव्या इनिंगमध्ये होमरन मारून आम्हाला घरी पाठवणारा तो हाच आरन बून. बोस्टनमध्ये त्याच्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये एक शिवराळ शब्द घालायची पद्धत आहे. बाईंनी तो घातला. नळी ओठातून उडाली, पाणी माझ्या कॉलरमध्ये गेलं.

"शेवटी पुढचे दोन सामने जिंकून पुढे कोण गेलं?" डॉक्टर हातमोजे काढत म्हणाला. हे खरं आहे, आणि मला ते आवडलेलं नाही.

काउंटरवर विमा कंपनी निम्मेच देते असं कळलं. मी कार्ड पुढे केलं, वळलो, आणि अर्ध्या ओठाने, सगळा जोर लावून त्याला "व्हर्डुगो" म्हणालो. लाळ हनुवटीवर आली.

"दोन तास काही खाऊ नका, काका," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

बाईंनी टिशूचा डबा सरकवला. कॅप बसवायची तारीख कार्डावर लिहीत हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी इंजेक्शनच्या आधी बोला. मी सुई शोधायला वेळ लावते."